घराजवळची उच्चदाब वीजवाहिनी: आरोग्याला धोका कशाचा आणि किती?

पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यात वीस वर्षांपूर्वी बहुतेक शेती होती. आज तिथे वीस-बावीस मजली सोसायट्या आहेत आणि त्यांच्याजवळून टॉवर लाइन जाणार म्हटले की रहिवासी एकत्र येऊन विरोध करतात. पुनावळेकरांनी याआधी प्रस्तावित कचरा डेपोलाही विरोध केला होता, त्यामुळे आंदोलन त्यांना नवे नाही. अशा वेळी दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, या लाइनमुळे मुलांना कॅन्सर होतो का?"

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

तारांमधून नेमके काय बाहेर पडते?

वीजवाहिनीभोवती दोन क्षेत्रे असतात. विद्युत क्षेत्र व्होल्टेजवर अवलंबून असते आणि भिंती, झाडे ते बऱ्याच अंशी अडवतात. चुंबकीय क्षेत्र तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते आणि ते विटा-काँक्रीटमधून आरपार जाते. दोन्हींची वारंवारिता 50 हर्ट्झ, म्हणजे अतिशय कमी. एक्स-रेप्रमाणे पेशीतील डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यात नसते. त्यामुळे "रेडिएशन" हा शब्द इथे गैरसमज वाढवतो.

चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये मोजतात. अमेरिकेतील 230 केव्ही वाहिन्यांची सरासरी पाहा: तारांच्या बरोबर खाली सुमारे 5.8, 15 मीटरवर 2, 30 मीटरवर 0.7, 60 मीटरवर 0.18 आणि 90 मीटरवर 0.08. आपल्याकडच्या 220 केव्ही लाइनसाठी अंदाज म्हणून हे आकडे उपयोगी आहेत. प्रत्यक्ष आकडा त्या वेळच्या लोडवर ठरतो. इथे एक गोष्ट सहज निसटते. हे अंतर जमिनीवरून मोजलेले आहे. उंच इमारतीत तारांच्या पातळीवर येणारा मजला तळमजल्यापेक्षा तारांना जास्त जवळ असतो. सोसायटीच्या गेटवर घेतलेले मोजमाप त्या मजल्यावरच्या बेडरूमबद्दल फारसे सांगत नाही.

लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग

ही चर्चा 1979 साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरातल्या एका अभ्यासापासून सुरू झाली. नंतर अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2000 साली जे विश्लेषण झाले, त्यात घरातील सरासरी चुंबकीय क्षेत्र 0.4 मायक्रोटेस्लाहून जास्त असलेल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. याच आधारावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये हे क्षेत्र "कदाचित कर्करोगकारक" म्हणजे 2बी गटात टाकले.

"दुप्पट" ऐकून छातीत धस्स होते, म्हणून हिशेब मांडतो. मुलांमधला ल्युकेमिया दुर्मिळ आहे. दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण 3 ते 5. दुप्पट धरला तरी लाखातल्या 99,990 किंवा त्याहून जास्त मुलांना त्या वर्षी तो होणार नाही. शिवाय हा संबंध कारण-परिणामाचा आहे हे सिद्ध झालेले नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याला आधार मिळालेला नाही. ब्रिटनमधल्या 2005 च्या मोठ्या अभ्यासात तर वाहिनीपासून 200 ते 600 मीटरवर जन्मलेल्या मुलांमध्येही किंचित वाढ दिसली. तिथे वाहिनीचे चुंबकीय क्षेत्र नगण्य असते, म्हणजे वाढीचे कारण दुसरेच काही असू शकते. पुढच्या दशकांची माहिती जोडल्यावर ही वाढ ओसरत गेलेली दिसली.

सर्वसामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे. ती मज्जातंतूंवरील तात्काळ परिणामांपासून संरक्षणासाठी ठरवलेली आहे. दीर्घकालीन शंकेचे उत्तर ती देत नाही. म्हणून "मर्यादेच्या आत आहे" या खुलाशाने पालकांचे समाधान होत नाही, यात मला नवल वाटत नाही. नवी लाइन आखताना कमी खर्चात वस्तीपासून दूर नेता येत असेल तर न्यावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2007 चा सल्ला मला योग्य वाटतो.

प्रौढांचे कर्करोग, गर्भपात, वंध्यत्व यांबाबत पुरावा याहूनही कमकुवत आहे. पेसमेकर असलेल्यांनी मात्र आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

खरा, सिद्ध झालेला धोका

माझ्या मते आंदोलनाच्या निवेदनात सर्वांत वर अंतराचा मुद्दा हवा. शंभर केव्हीच्या पुढच्या तारेला स्पर्श करावाच लागतो असे नाही. जवळ गेले तरी हवेतून ठिणगी उडी मारते. गच्चीवर लोखंडी सळई किंवा पाइप उभा करणे, ओला बांबू, तारांत अडकलेला पतंग काढणे यांत माणसे भाजतात आणि मरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार 220 केव्ही तार इमारतीपासून उभ्या दिशेने किमान 5.5 मीटर आणि आडव्या दिशेने 3.8 मीटर लांब हवी. हे अंतर तार उन्हाळ्यात जास्तीत जास्त झोळ खाते किंवा वाऱ्याने झुलते तेव्हाचे धरायचे असते. 220 केव्हीसाठी मार्गाचा पट्टा साधारण 35 मीटर रुंद लागतो. हे अंतर पाळले आहे का, हे विद्युत निरीक्षकांकडे लेखी विचारता येते.

उच्चदाबाच्या अपघातात शाळेत शिकलेला "कोरड्या काठीने बाजूला करा" हा उपाय वापरू नका. या दाबाला लाकूड किंवा रबरी चप्पल पुरेशी नसते. किमान दहा मीटर दूर राहा, वीज कंपनीला आणि 108 ला फोन करा, पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जवळ जा. श्वास नसेल तर छाती दाबणे सुरू करा. त्वचेवरची जखम लहान दिसली तरी आतले स्नायू जळालेले असू शकतात. लघवी चहाच्या रंगाची होणे हे त्याचे लक्षण. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. रुग्ण बोलत-चालत असला तरी रुग्णालयात न्यायलाच हवे.

भूमिगत केबल केली तर?

अपघाताचा धोका खूप कमी होतो आणि विद्युत क्षेत्र जमिनीवर पोहोचत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र केबलच्या बरोबर वर बरेच असू शकते, पण काही मीटरवर झपाट्याने घटते. त्यामुळे केबलच्या मार्गावर मुलांचे खेळायचे मैदान आखू नये.

मोजायचे असेल तर

मोबाइलच्या अॅपवर विसंबू नका. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो. 50 हर्ट्झसाठी बनवलेला मीटर लागतो. मोजमाप तारांच्या पातळीवरच्या मजल्यावर, मुले झोपतात त्या खोलीत आणि शक्यतो पूर्ण दिवसभर घ्यावे.

झोप, डोकेदुखी आणि चिंता

पावसाळी किंवा दमट हवेत तारांचा गुणगुणता आवाज खरोखर येतो आणि त्याने झोपमोड होते. महिनोन्‌महिने चाललेल्या वादाचा ताणही शरीरावर उमटतो: ॲसिडिटी, डोकेदुखी, वाढलेला रक्तदाब. अशा तक्रारींना "मनाचे खेळ" म्हणून झटकू नये, आणि लाइनच्या नावावर टाकून तपासणी टाळूही नये.

केवळ लाइनजवळ राहतो म्हणून मुलांचे रक्त दर सहा महिन्यांनी तपासण्याची गरज नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा ताप, वाढता फिकटपणा, अंगावर विनाकारण निळे-लाल ठिपके, हाडे दुखून लंगडणे किंवा मानेत गाठी यांपैकी काही दिसले, तर घर लाइनपासून कितीही दूर असो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिली तपासणी साधी सीबीसीची असते.