मोबाईलचं 'व्यसन': थट्टेतून आलेला आजार

"पोराला मोबाईलचं व्यसन लागलंय, लिहा की काहीतरी," असं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच. पण मंडळी, व्यसन ठरवलं कुणी?

1995 साली न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी 'इंटरनेट व्यसन विकार' हा आजार चक्क थट्टा म्हणून रचला. मानसोपचाराच्या जाडजूड निदान-पुस्तिकेची टर उडवायची होती. बोटं आपोआप टायपिंगसारखी हलणं, हेही एक लक्षण! पण लोकांनी ते खरं मानलं, आम्हालाही हेच झालंय म्हणून त्यांना कळवू लागले. त्याच सुमारास किंबर्ली यंग यांनी जुगाराचे निकष घेऊन प्रश्नावली केली. 8 पैकी 5 'हो' आले की व्यसनी.

2013 मध्ये अमेरिकेच्या पुस्तिकेने फक्त इंटरनेट गेमिंग घेतलं, तेही 'अजून अभ्यास हवा' या यादीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंग विकार 2022 पासून लागू झाला. तिथे तास मोजत नाहीत. ताबा सुटणं, खेळापुढे बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण 12 महिने. उन्हाळी सुट्टीतला एक महिना यात बसत नाही. रील्सचं तर वेगळं निदानच नाही. पोराला चारचौघांत व्यसनी म्हणण्याआधी एवढं तरी बघा.

पैसे लावून ऑनलाइन जुगार खेळणं मात्र त्याच यादीत आहे, आणि ते खेळणारी बहुतेक पोरं नसतात. एकाने परवा माझ्याकडे पोरासाठी डॉक्टरचा नंबर मागितला. बोलता बोलता कळलं, कर्ज त्याच्याच अंगावर आहे. नंबर दिला, म्हटलं, दोघंही जा.