हिंगण्याच्या आश्रमाचें दार

रक्ताच्या नात्याचें घर रूढीवर चालतें. परंतु परक्या माणसांनीं स्वेच्छेनें उभारलेल्या कुटुंबाला आपली मर्यादा आपणच आंखावी लागते. आश्रयाचें दार उघडावें किती, आणि राखावें कसें, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांतील दोन संस्थांपुढें उभा राहिला.

पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन स्थापिलें. पुढल्याच वर्षीं तें पुण्यास आलें. रमाबाई ख्रिस्ती होत्या. सदन मात्र धर्माच्या बाबतींत तटस्थ राहावयाचें होतें. तथापि त्यांच्या खाजगी प्रार्थनेस बसावयाला मुलींना मज्जाव नव्हता. बाईंचें घर कोठें संपतें आणि संस्था कोठें सुरू होते, ही रेषा पुसट राहिली. १८९३ सालीं वाद विकोपास गेला. रानडे व भांडारकर यांनीं सदनाशीं संबंध तोडला आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या.

त्याच सदनांत शिकलेल्या बालविधवा गोदूबाई यांचा त्याच सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या. पुढें १८९६ सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रमाचें कार्य आरंभिलें आणि १९०० सालीं आश्रम हिंगण्यास गेला. पुनर्विवाहाची चळवळ त्यांनीं आश्रमापासून कटाक्षानें दूर ठेवली. येथें शिक्षण मिळेल, पुनर्विवाहाचा उपदेश होणार नाहीं, एवढी खात्री पटल्यावांचून सनातनी घरांतील बाप आपली विधवा लेक तेथें धाडता ना.

या मर्यादेचा पहिला आघात कर्व्यांच्याच संसारावर झाला. पुनर्विवाहित म्हणून आनंदीबाईंना प्रारंभीं आश्रमांत राहतां येईना. फर्ग्युसन कॉलेजांतील शिकवणें आटोपून कर्वे पायीं हिंगण्यास जात. संसार पुण्यांतच राही. आनंदीबाईंच्या सख्ख्या भगिनी पार्वतीबाई आठवले या केशवपन केलेल्या विधवा. त्यांना आश्रमांत मानाचें स्थान मिळालें व निधि जमविण्याचें कामहि त्यांनीं अंगावर घेतलें. एक बहीण दाराच्या आंत, दुसरी बाहेर!

हा अन्याय नव्हता, असें कोण म्हणेल? परंतु ज्या विधवांना दुसरें दारच नव्हतें, त्यांच्यासाठीं तें दार उघडें राहिलें, हेंहि तितकेंच खरें. कर्व्यांनीं मर्यादेचा भार प्रथम आश्रितांवर न टाकतां आपल्या घरावर घेतला, म्हणून ती लोकांना पटली. मात्र तिचें मोल मुख्यतः आनंदीबाईंनीं दिलें. आश्रमाच्या यशाचा हिशेब मांडतांना तें मोल जमेस धरिल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं.