प्रवाळ आजारी आहेत हे प्रकाशावरून कसं कळतं?

प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप किंवा अंदमान आठवतं. पण रत्नागिरी, मालवण आणि रेडीच्या किनाऱ्यालगतही प्रवाळांचे तुरळक पट्टे आहेत. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात तर आंग्रिया बँक हे अख्खं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. तिथला सर्वांत उथळ भागही साधारण २० मीटर पाण्याखाली आहे.

रंग कुठून येतो?

प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याचं शरीर जवळजवळ पारदर्शक असतं. तपकिरी रंग येतो तो त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे. हे शैवाल उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला बराचसा वाटा प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की शैवाल बाहेर पडतं आणि खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येतं, म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं. मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली होती.

स्पेक्ट्रोमीटर काय पाहतो?

डोळ्याला नुसता ‘तपकिरी’ दिसतो. स्पेक्ट्रोमीटर मात्र परत आलेल्या प्रकाशाचे अनेक अरुंद पट्टे करतो आणि प्रत्येकातला किती प्रकाश परतला ते मोजतो. आधी पांढऱ्या पट्टीवरून आलेला प्रकाश मोजायचा, मग प्रवाळावरून आलेला, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. निरोगी प्रवाळाच्या आलेखात ६७५ नॅनोमीटरजवळ, म्हणजे तांबड्या रंगात, खड्डा दिसतो, कारण तो प्रकाश हरितद्रव्य गिळतं. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाचा आलेख सगळीकडेच वर उचलला जातो आणि हा खड्डा बुजत जातो.

इथे एक गंमत आहे, आणि ती महागात पडू शकते. मेलेल्या प्रवाळावर थोड्याच दिवसांत दुसरं शैवाल चढतं. त्यातही हरितद्रव्य असतं, त्यामुळे खड्डा परत दिसतो! फक्त तेवढंच पाहिलं तर मेलेला प्रवाळ ठणठणीत ठरेल. म्हणून आलेखाचा पूर्ण आकार तपासावा लागतो. हिरव्या शैवालाचा उंचवटा ५५० नॅनोमीटरच्या आसपास येतो, तर तपकिरी प्रवाळाचे छोटे उंचवटे ५७५, ६०० आणि ६५० च्या जवळ असतात. तपकिरी शैवाल मात्र प्रवाळासारखंच दिसतं आणि तिथे जाणकारही चकतात.

मग उपग्रहावरूनच का नाही?

पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं. अगदी नितळ पाण्यातही ५ मीटर खाली जाऊन परत वर येईपर्यंत ६७५ नॅनोमीटरचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. कोकणात तर पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो. शिवाय सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, आणि इथले प्रवाळ खडकाला चिकटलेले छोटे तुकडे. एका ठिपक्यात प्रवाळ, वाळू, शैवाल सगळंच मिसळतं. २०१६-१७ मध्ये नासाने विमानात स्पेक्ट्रोमीटर बसवून हवाई, पलाऊ आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफची पाहणी केली. तिथे रीफ मोठे आणि पाणी नितळ आहे. कोकणासाठी पाणबुड्याने उपकरण प्रवाळाजवळ नेणं हाच भरवशाचा मार्ग.

उपग्रह इथे वेगळ्या कामाला येतात. ते समुद्राचं तापमान सांगतात. वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा तापमान १ अंशाने जास्त राहिलं आणि ते काही आठवडे टिकलं, तर ब्लीचिंगचा धोका मानतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याच आधारावर भारतातल्या प्रवाळांसाठी इशारे देते.

महागडं उपकरण नसेल तर एक साधा तक्ताही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमाने तो तयार केला आहे. त्यावर रंगांच्या १ ते ६ अशा छटा असतात. तक्ता प्रवाळाशेजारी धरून छटा लिहून ठेवायची. त्याच प्रवाळाची छटा पुढच्या वेळी दोन आकड्यांनी फिकी आली, तर आतलं शैवाल कमी झालंय असं समजतात. प्रवाळाला हात लावायची गरज नाही. तो तोडणं तर गुन्हाच आहे, कारण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.