ढाळजेतला मुक्काम

अंगारकीचा उपास चंद्र उगवल्यावरच सुटतो, आणि आमच्या राजुरातल्या मुक्कामाचा इतिहास तिथूनच सुरू होतो. संकष्टीचा चंद्र रात्री आठ-नऊच्या पुढं वर येतो. तोवर जालन्याची शेवटची एसटी निघून गेलेली असायची. त्यात निम्मी माणसं राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला आदल्या रात्री जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर पायी चालून आलेली. आता पुन्हा रात्र पडली, तर त्यांनी टेकायचं कुठं?

आमच्या ढाळजेत. माळवदाचं घर, दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना उंच ओटे. आजी आदल्या दिवशी ओटे सारवून घ्यायची, रांजण भरायची, वाकळा उन्हात टाकायची. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, रात्री चंद्राला अर्घ्य दिलं की सगळ्यांची एकच पंगत. भोकरदनकडची काही कुटुंबं दर अंगारकीला आमच्याकडंच उतरायची. पैशाचा विषय कधी निघाला नाही. पुढच्या खेपेला ती माणसं तुरीची डाळ नाहीतर गूळ घेऊन यायची, आणि आजी तो नाकारायची नाही.

गणेशपुराणातल्या वरेण्य राजाचं राजसदन म्हणजे हेच राजूर, अशी आमची श्रद्धा आहे. पण राजेशाही मुक्कामाची ठिकाणं होती ती उत्तरेला, अजिंठ्याच्या वाटेवर. घाटाखाली फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातली सराई आहे. अजिंठा गावात बारादरी आहे. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला 1844 साली नेमलेला रॉबर्ट गिल तिथंच राहायचा. त्यानं केलेली बहुतेक चित्रं 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, बारादरी मात्र उभी आहे. 1803 च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, ती आमच्या भोकरदनच्या पलीकडंच. त्या लढाईतल्या जखमी इंग्रज शिपायांनाही अजिंठा गावातच नेऊन ठेवलं होतं.

पुढं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायलाच लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा तळ फर्दापूरला पडला. मग निजाम सरकारनं पाहुण्यांसाठी अतिथिगृह बांधलं. या वास्तूंची नोंद गॅझेटियरांत सापडते, प्रवासवर्णनांत सापडते, आणि ती असायलाच हवी. मला खटकतं ते वेगळंच. त्या कागदांत अव्वल तालुकदाराचा दौरा आहे, साहेबाचा खानसामा आहे, पण राजूरच्या एका ढाळजेत रात्रीपुरती निजलेली वीस-वीस माणसं कुठंच नाहीत.

आज जुन्या वास्तूत राहायला लोक भरपूर पैसे मोजतात. उदयपूरच्या तलावातला महाल 1963 साली हॉटेल झाला, आपल्याकडं कोल्हापूरचा शालिनी पॅलेस 1987 साली. इंग्लंडात तर वारसाकर भरता भरता जेरीस आलेल्या जमीनदारांचे गावाकडचे कितीतरी वाडे असेच हॉटेलं होऊन टिकले. मला यात काही वावगं वाटत नाही. वास्तू राखायची तर तिला कमाई हवी. पण माळवदाच्या घराला असा कोणी वाली मिळाला नाही. पांढऱ्या मातीचा थर दर पावसाळ्याआधी नीट करावा लागतो, सागाची तुळई कुजली की बदलायची ऐपत नसते. म्हणून लोकांनी स्लॅब टाकले. रस्त्याला लागून दुकानाचे गाळे निघाले, त्यात ढाळजा गेल्या. आमचीही गेली.

सध्या मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं बसून एक वही भरतो आहे: कुणाच्या घरी कोणत्या गावची माणसं उतरायची, बैल कुठं बांधायची, पाणी कोणत्या आडाचं यायचं. जाफराबादकडचे लोक कुणाकडं उतरायचे, यावर अजून दोन आळ्यांचं एकमत झालेलं नाही. दोन्ही नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत.