न पाहिलेल्या गाडीचा लिलाव

रात्रीचे अकरा वाजलेत. मोबाईलवर एक गाडी दिसतेय. चार वर्षं जुनी, फोटोत चकाचक, बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्यात. शेजारी घड्याळ उलटं चालतंय, बोली संपायला सात मिनिटं उरलीत. अशा वेळी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: या गाडीबद्दल विकणाऱ्याला असं काय ठाऊक आहे, जे मला ठाऊक नाही? आजची गोष्ट या प्रश्नाच्या इतिहासाची.

जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या तरुण अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1967 च्या सुमारास जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यानंतरचं वर्ष त्यांनी दिल्लीत, भारतीय सांख्यिकी संस्थेत काढलं. भारतात असतानाच त्यांना एका नामांकित नियतकालिकाचा नकार मिळाला. विषय फारच किरकोळ आहे, असं संपादकांचं म्हणणं होतं. आणखी दोन ठिकाणांहून निबंध परत आला आणि अखेर 1970 मध्ये छापला गेला.

मुद्दा साधा होता. चांगली आणि खराब गाडी बाहेरून सारखीच दिसते. म्हणून गिऱ्हाईक मधली किंमत देऊ करतं. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या खराब गाड्या. मग किंमत आणखी घसरते आणि आणखी काही चांगल्या गाड्या जातात. या 'किरकोळ' विषयासाठी ॲकरलॉफ यांना 2001 मध्ये नोबेल विभागून मिळालं.

आता जपानकडे वळू. तिथे ऑकनेट या कंपनीने 1985 मध्ये, म्हणजे इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, पडद्यावरून गाड्यांचा लिलाव सुरू केला. गाडी विक्रेत्याच्याच आवारात उभी असायची. तिची चित्रं आधी लेझर डिस्कवरून आणि नंतर उपग्रहामार्फत व्यापाऱ्यांपर्यंत जायची. गाडीला हात न लावता बोली कोण लावणार? यावर कंपनीचा उपाय होता स्वतःचे तपासनीस. ते गाडी तपासून गुण देत आणि खरेदीदार त्या गुणांवर विसंबून बोली लावत. पुढे अभ्यासकांना आढळलं की इथे गाड्यांना नेहमीच्या लिलावापेक्षा जास्तच भाव मिळत होता. थोडक्यात, पडद्यावरचा लिलाव चालला तो तपासणीच्या जोरावर. शिवाय बोली लावणारे सगळे त्या धंद्यात मुरलेले व्यापारी होते.

पुढे इंटरनेट आलं आणि पडदा प्रत्येकाच्या हातात पोचला. तपासणी मात्र सगळीकडे त्याच्याबरोबर आली नाही. 2005 मध्ये कतरिना वादळात अमेरिकेत लाखो गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांच्या कागदांवर तिथे शेरा मारतात. पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नवे कागद केले की कधी कधी तो शेरा पुसला जायचा.

आपल्याकडे 2005 ची मुंबई आणि 2015 ची चेन्नई आठवा. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी सहसा गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला भरपाई देते आणि बुडालेली गाडी लिलावात काढते. कोणीतरी ती घेऊन धुतो, सीट बदलतो आणि पुन्हा विकतो. आपल्या आरसीवर 'पुरात बुडालेली' असा शेरा नसतो. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी काही महिन्यांनी गंज दाखवतं, तेव्हा वायरिंगवर चालणारी एअरबॅगसुद्धा भरवशाची राहत नाही. इथे पैशांबरोबर घरच्यांचा जीवही पणाला लागलेला असतो.

वर लिलावाची अट असते, 'जिथे आहे, जशी आहे'. याचा व्यवहारातला अर्थ असा की तपासणीचं काम आता तुमचं. ऑकनेटच्या तपासनीसाची जागा तुम्हालाच भरायची आहे. म्हणून बोली लावण्याआधी मेकॅनिकला घेऊन यार्डात जा. कार्पेट उचलून चिखल शोधा, सीटबेल्ट पूर्ण ओढून डाग बघा. विम्याचे जुने दावे विचारा. कर्जाचा बोजा उतरवायला बँकेची सही असलेला फॉर्म 35 मिळणार का, ते पाहा. गाडी परराज्यातली असेल तर मूळ आरटीओची एनओसी लागेल आणि तुमच्या राज्याचा रस्ता कर भरावा लागेल. तोही हिशेबात धरा. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरूकडच्या आपल्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. यार्डात जाऊच देत नसतील, तर ती बोली सोडून द्या.

एवढं सगळं करून गाडी पसंत पडली, तर खुशाल घ्या. लिलावात चांगल्या गाड्याही येतात. फक्त त्या रात्रीच्या सात मिनिटांत ठरवू नका. भेटू पुढच्या भागात.