काझी सिराजचा विडा

सुपारी घेतलेला मारेकरी, त्याची अखेरची कामगिरी आणि तिच्या आड येणारे निषिद्ध प्रेम, हे रहस्यपटांचे हुकमी कथानक. आपल्या बहमनी मुलखाच्या इतिहासातही अशीच एक हकीकत नोंदलेली आहे. फरक एवढाच, की तेथे प्रेम हेच मारेकऱ्याचे हत्यार होते.

इ. स. १३९८ च्या सुमाराची गोष्ट. रायचूर दुआबासाठी विजयनगरशी युद्ध पेटले आणि गुलबर्ग्याचा सुलतान फिरोजशाह बहमनी कृष्णेच्या तीरावर येऊन थांबला. नदीला पावसाळ्याचा पूर होता आणि पैलतीरी रायाची अफाट छावणी पसरली होती. पार कसे व्हावे हे सरदारांना उमजेना. तेव्हा काझी सिराज नावाच्या दरबारी माणसाने विडा उचलला.

निवडक सोबती घेऊन तो वेषांतराने शत्रूच्या छावणीत शिरला. कलावंतिणींच्या वस्तीत एकीवर आपण भाळलो आहोत असे सोंग त्याने वठवले. एका रात्री राजपुत्रापुढे नाचण्यासाठी ती साजशृंगार करू लागली, तेव्हा काझीने विरह असह्य झाल्याचा बहाणा केला. तिथे फक्त वादक आणि नर्तकांनाच प्रवेश आहे, असे ती म्हणाली. त्यावर याने मंदल वाजवून दाखवले, आणि ती त्याला आनंदाने सोबत घेऊन गेली. शामियान्यात काझी स्त्रीवेषात नंग्या खंजिरांचा नाच करू लागला आणि नाचता नाचता त्याने ते खंजीर राजपुत्राच्या छातीत खुपसले. दिवे विझले, छावणीत एकच गोंधळ उडाला. इकडे सुलतानाचे सैन्य कातड्याने मढवलेल्या टोपल्यांतून नदी उतरले.

ही हकीकत फरिश्ताची. तो लहानपणी अहमदनगरात वाढला, पुढे विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयास राहिला आणि घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी त्याने ती लिहिली. रायाचे नाव तो देवराय देतो. शिलालेखांनुसार मात्र त्या वेळी गादीवर दुसरा हरिहर होता. म्हणून तपशील जपूनच घ्यावेत.

याच फरिश्ताने मुद्गलच्या सोनाराच्या मुलीची कथाही दिली आहे. रायाची मागणी तिने नाकारली, तिच्यापायी १४०६ च्या सुमारास युद्ध झाले, आणि शेवटी तिचे लग्न फिरोजशाहाचा पुत्र हसनखान याच्याशी लागले. 'नाही' म्हणणाऱ्या त्या मुलीचे नाव, पर्थाल, इतिहासात राहिले. काझीवर विश्वास टाकणाऱ्या नर्तकीचे नाव मात्र फरिश्ता देत नाही.

आपण सीमाभागातली माणसे हा काळ हिंदू-मुसलमान झुंजीचा म्हणून सांगत आलो. पण एका छावणीतला काझी दुसऱ्या छावणीतले वाद्य सहज वाजवू शकला, म्हणजे मंदलाचा ठेका दोन्ही तीरांवर ओळखीचा होता. त्याच ओळखीचा काझीने घात केला. गुलबर्ग्याच्या हफ्त गुंबजात फिरोजशाहाची भव्य कबर पाहताना त्या निनावी बाईचीही आठवण ठेवावी.