पेट्रोलचा वारस

पेट्रोलचे राज्य संपल्यावर मोटार कशावर चालणार, बॅटरीवर की हायड्रोजनवर, हा वाद नवा वाटतो. पण त्याचे पूर्वरूप फार जुने आहे. हैदराबादेत नामपल्लीचे रेल्वे स्थानक 1907 साली उभे राहिले, तेव्हा वाफ, वीज आणि पेट्रोल अशा तिन्ही प्रकारच्या मोटारी पाश्चात्त्य शहरांतून धावत होत्या. ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तोही विजेच्याच गाडीने, 1899 साली. मग वीज हरली का? शिशाच्या बॅटऱ्या जड आणि त्यांची धाव तोकडी, हे खरेच. त्यात 1912 साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल फिरविण्याची यातायात संपली. म्हणजे पेट्रोलच्या विजयाला हातभार लावला तो विजेनेच! पण मोठे कारण रस्त्याच्या कडेला होते. पेट्रोल डब्यात भरून कोणत्याही खेड्यात नेता येई. वीज शहराची वेस क्वचितच ओलांडी.

निजामाच्या संस्थानातही हेच घडले. हुसेनसागराच्या काठी 1920 साली कोळशावरचे वीजघर सुरू झाले; तरी 1932 साली निजामाच्या रेल्वेने 27 बसगाड्या रस्त्यावर आणल्या, त्या तेलावरच्या. ते वीजघर आता उरलेले नाही. मात्र 11 फेब्रुवारी 2023 रोजी त्याच तलावाकाठी विजेच्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. पुढच्या वर्षीची रद्द झाली, तो भाग निराळा. आणि त्याच महिन्यात हैदराबादच्याच एका कारखान्याने हायड्रोजनवरील बस जाहीर केली. पुण्यात तर अशी बस 2022 च्या ऑगस्टमध्येच लोकांपुढे आली होती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंधनघट असलेली हायड्रोजनची गाडीही विजेवरच चालते. ग्रोव्ह या शास्त्रज्ञाने 1839 च्या सुमारास दाखविलेल्या तत्त्वानुसार त्या घटात हायड्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होऊन वीज व पाणी निर्माण होते. भेद आहे तो वाटेतल्या नुकसानीत. शंभर युनिट वीज बॅटरीत भरली, तर सुमारे सत्तर ते ऐंशी युनिट चाकांपर्यंत पोचतात. त्याच विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढायचा, तो वातावरणाच्या सातशेपट दाबाने टाकीत कोंडायचा आणि पुन्हा त्याची वीज करायची, या खटाटोपात हाती तीसच्या आसपासच उरतात. शिवाय आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच काढला जातो. टाकी काही मिनिटांत भरते, हा त्याचा मोठा गुण. दूर पल्ल्याच्या अवजड मालमोटारींना तो कदाचित उपयोगी पडेल. घरगुती मोटारीच्या बाबतीत मात्र बॅटरीचा पक्ष निःसंशय बळकट आहे.

तिच्यावरही आक्षेप आहेच. भारतातील बहुतांश वीज अद्याप कोळशाची आहे. धूर रस्त्यावरून उठून वीजघराच्या धुराड्यात जातो. तथापि वीजघर बदलले की तिच्यावर चालणाऱ्या साऱ्या मोटारी आपोआप बदलतात. पेट्रोलच्या इंजिनाला ती सोय नाही.

आणि रस्त्याची कडा? या वेळी वीज घराघरांत आहे. पण नामपल्लीच्या जुन्या गल्ल्यांत बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर असते आणि गाडी खाली, दुसऱ्याच्या दारात. रिक्षा तर रात्री जागा मिळेल तेथे लावावी लागते. वरची तार खालपर्यंत कोणी आणायची आणि तिचे बिल कोणाच्या नावे फाडायचे, हे त्या गल्लीत अजून ठरायचे आहे.